गुंजनपक्ष्यांचे पुस्तक निवडताना

पुस्तकाची पारख आपल्याला बऱ्यापैकी आहे, असा आमचा अनेक वर्षांचा समज होता. बडोद्यासारख्या ग्रंथालयांच्या गावात आमचे आयुष्य गेले. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मांडण्यांतून हिंडण्यात ऐन उमेदीच्या कितीतरी संध्याकाळी सरल्या. कोणाच्या मुंजीत, कोणाच्या वाढदिवशी कोणते पुस्तक द्यावे, याचा सल्ला विचारायला आळीतली मंडळी अजूनही आमच्याकडे येतात. तो आमचा समज गेल्या वर्षी तीन-साडेतीन ग्रॅम वजनाच्या एका पाखराने उतरवला. हकीकत सांगण्यात आमची फजिती आहे, हे खरे. तथापि परदेशातल्या नातवंडांसाठी पुस्तके विकत घेणारी घरे आमच्या वाचकांत आता पुष्कळ झाली आहेत. आमच्या फजितीतून त्यांचे चार पैसे आणि पैशांहून मोलाचे असे थोडे काही वाचले, तर ती कारणी लागली असे आम्ही समजू.

आमची कन्या अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन या गावी असते. गाव वाळवंटातले; मेक्सिकोची सरहद्द तेथून दूर नाही. जुलै महिन्यात तेथेही पाऊस येतो आणि तेथील लोक त्याला चक्क ‘मान्सून’ म्हणतात, हे कळल्यावर आम्हाला ते गाव एकदम ओळखीचे वाटू लागले. कन्येच्या घराच्या मागील अंगणात, पडवीच्या आढ्याला लाल बुडाची एक काचेची बाटली टांगलेली असते. एक भाग साखर आणि चार भाग पाणी असे साधे मिश्रण तीत भरायचे. रंग वगैरे काही घालायचा नाही. या बाटलीवर दिवसभर हमिंगबर्ड, म्हणजे आपल्या मराठीत ज्यांना गुंजनपक्षी म्हटले जाते ते चिमुकले पक्षी, येत राहतात. सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पंख हलवीत ते हवेत एका जागी उभे राहतात, चोच बुडवतात, मागच्या मागे सरकतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत नाहीसे होतात. गुंजनपक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती जगात आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतच आहेत. आपल्याकडे जास्वंदीवर लोंबकळणाऱ्या शिंजीर पक्ष्याला हौसेने ‘हमिंगबर्ड’ म्हणण्याची चाल पडली आहे खरी, परंतु ते कुळ निराळे. भारतात गुंजनपक्षी नाही.

आमचा नातू दहा वर्षांचा. या बाटलीसमोर पायरीवर बसून वही लिहिण्याचा त्याला नाद लागलेला. आम्ही निघण्यापूर्वी त्याने फोनवरून एकच मागणी केली होती : “आजोबा, मला हमिंगबर्डचं पुस्तक आणा. पण फोटोवालं. चित्रांचं नको.” आम्ही मनात म्हटले, हे तर आमचेच काम!

टूसॉनला जाण्यापूर्वी न्यू जर्सीत पुतण्याकडे आमचा दोन दिवस मुक्काम होता. तेथील एका दुकानातून आम्ही ते पुस्तक घेतले. केवढे देखणे होते म्हणून सांगावे! गुळगुळीत कागद, पानभर छायाचित्रे, आणि मुखपृष्ठावर गळ्यात माणकांचा पट्टा बांधल्यासारखा एक नर. त्याचे नाव रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. आम्ही त्याचे तेथेच ‘माणिककंठी’ असे बारसे केले. किंमत अंमळ जास्त होती, पण नातवासाठी आजोबाने किमतीकडे पाहू नये, असा आमचा बाणा.

नातू हरखून गेला. दुसऱ्या दिवसापासून वही आणि पुस्तक शेजारी घेऊन तो पायरीवर बसू लागला. संध्याकाळी आम्ही विचारायचे, “आज कोण आलं होतं?” आणि त्याने सांगायचे, “रूबी-थ्रोटेड.” आम्ही शाबासकी द्यायची. असे तीन आठवडे चालले. माणिककंठी रोज येत होता, वही भरत होती आणि आमची छाती फुगत होती.

मग एका रविवारी जावईबापूंनी सगळ्यांना पॅटागोनिया नावाच्या खेड्यात नेले. टूसॉनपासून शंभरेक किलोमीटरवरचे हे खेडे पक्षिप्रेमी मंडळींत प्रसिद्ध आहे. वॉली आणि मॅरियन पेटन या दांपत्याने आपल्या घराचे अंगण तेथे कित्येक वर्षे कोणाही अनोळखी पक्षिनिरीक्षकासाठी उघडे ठेवले होते. बाके मांडली होती, साखरेच्या खर्चासाठी एक डबा ठेवला होता, आणि यावे, बसावे, पाहावे एवढीच रीत होती. दोघांच्या पश्चात २०१४ साली टूसॉनमधील एका पक्षिसंवर्धक संस्थेने ते घर घेतले आणि अंगण उघडेच ठेवले. परक्यासाठी पडवीत पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या आपल्या जुन्या घरांची आम्हाला तेथे आठवण झाली.

बाकावर आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक छोटेसे पुस्तक होते; कण्याला चिकटपट्टी लावलेले, पाने कुरतडल्यासारखी झालेले. नातवाने मोठ्या अभिमानाने त्यांना आपली वही दाखवली. बाईंनी ती शांतपणे चाळली आणि हळूच विचारले, “टूसॉनमध्ये रोज रूबी-थ्रोटेड? तो तर पूर्वेकडचा पक्षी. इकडे तो फार क्वचित दिसतो. तू काय पाहिलंस ते मला सांगशील?” नातू गप्प. बाईंनी पुन्हा विचारले, “नाव नको. पाहिलंस काय, ते सांग.” पोराने आमच्याकडे पाहिले आणि वही मिटली.

त्या रात्री त्याच्या परवानगीने आम्ही ती वही दिव्याखाली धरली. ‘रूबी-थ्रोटेड’ या प्रत्येक नोंदीखाली खोडरबराने पुसलेली एक ओळ होती आणि पेन्सिलीचे वळ कागदावर राहिले होते. तिरकी धरून पाहिली तेव्हा पहिल्या दिवसाची ओळ वाचता आली. इंग्रजीत लिहिले होते : गळा साधा, लाल नाही, पिताना शेपटी सारखी वरखाली हलते.

“हे का रे पुसलंस?” आम्ही विचारले.

“पुस्तकात तसा नव्हताच ना, आजोबा. मग मला वाटलं, माझंच चुकलं असेल.”

वाचकहो, पुस्तक देऊन आम्ही काय केले होते, ते त्या क्षणी आम्हाला कळले. एका मुलाच्या डोळ्यांनी खरे पाहिले होते, हाताने खरे लिहिले होते. आणि आम्ही आणलेल्या ग्रंथाने, शिवाय आमच्या रोजच्या शाबासकीने, त्याला ते पुसायला लावले होते. ज्या हालचालीकडे जाणकार प्रथम पाहतात, नेमकी तीच या पोराने टिपली होती. पिताना शेपटी सतत हलवणे ही ब्लॅक-चिन्ड, म्हणजे काळ्या हनुवटीच्या, गुंजनपक्ष्याची लकब. उन्हाळ्यात टूसॉनच्या अंगणांत हाच पक्षी सर्रास असतो. माणिककंठीची मादी आणि याची मादी दिसायला जवळजवळ एकच. दोघींचा गळा पांढुरका, पाठ हिरवट. मात्र माणिककंठी पिताना शेपटी बरीच स्थिर ठेवतो. आमच्या नातवाने तीन आठवडे बहुधा काळ्या हनुवटीच्या माद्या आणि पिले पाहिली होती आणि आम्ही त्यांना न्यू जर्सीच्या नराचे नाव देऊन मोकळे झालो होतो.

त्यानंतर उरलेला मुक्काम आम्ही या एकाच विषयाच्या अभ्यासात घालवला. कन्येच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन हमिंगबर्डची मिळतील ती पुस्तके चाळली, त्या वृद्ध बाईंची पुन्हा भेट घेतली आणि पुस्तक निवडण्याच्या काही कसोट्या मनाशी ठरवल्या. त्या येथे सांगतो.

पहिली कसोटी मुलखाची. पुस्तक कोणत्या भूभागासाठी लिहिले आहे, हे मुखपृष्ठावरून नव्हे, आतील नकाशांवरून पाहावे. अमेरिकेच्या पूर्व भागात नियमाने घरटे करणारा गुंजनपक्षी एकच, तो म्हणजे आमचा माणिककंठी. त्यामुळे तिकडच्या वाचकासाठी केलेल्या पुस्तकाने त्याचे कौतुक करावे आणि बाकीच्यांना चार ओळींत गुंडाळावे, हे स्वाभाविक आहे. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात मात्र वर्षाकाठी बारा-पंधरा जाती दिसू शकतात. कोकणातल्या माणसाने माळव्याचे पंचांग वापरावे तसा हा प्रकार. पंचांग खोटे नसते. पण सूर्योदय आपल्या गावचा नसतो.

दुसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. पुस्तक हाती घेताच नराचे पान उघडू नये. माद्यांचे आणि पिलांचे पान उघडावे. नराचा चकाकता गळा कोणीही ओळखील. त्यासाठी पुस्तक कशाला हवे? बाटलीवर येणाऱ्या पाहुण्यांत मोठा भरणा असतो तो माद्यांचा आणि त्या वर्षीच्या पिलांचा. सगळी हिरवट पाठीची, पांढुरक्या-करड्या पोटाची. त्यांच्यातला भेद बारीक असतो. ॲना नावाच्या जातीची मादी पोटाकडून मळकट करडी आणि पुष्कळदा गळ्याच्या मधोमध गुलाबी ठिपका असलेली. ब्रॉड-बिल्ड, म्हणजे रुंद चोचीच्या, जातीच्या मादीच्या डोळ्यामागे फिकट रेघ आणि खालच्या चोचीच्या मुळाशी तांबूसपणा. काळ्या हनुवटीच्या मादीच्या पंखाचे शेवटचे पीस टोकाशी रुंद आणि बोथट, तर माणिककंठीच्या मादीचे तेच पीस अधिक अरुंद. ज्या पुस्तकात नराची चार छायाचित्रे आणि मादीचे एक, तेही टपालाच्या तिकिटाएवढे, ते पुस्तक दिवाणखान्यातल्या मेजावर शोभेल. अंगणात कामाला येणार नाही. आमच्या पुस्तकात असेच होते, हे सांगायला नकोच.

तिसरी कसोटी छायाचित्रांची. येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण नातवाप्रमाणे आमचीही समजूत होती की चित्रकाराचे चित्र कल्पनेचे आणि छायाचित्र तेवढे खरे. गुंजनपक्ष्याच्या गळ्याचा रंग हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश विशिष्ट कोनात परतला तरच तो दिसतो. धूपछाव रेशमाचा पदर जसा वळवावा तसा पालटतो, त्याचीच ही टोकाची तऱ्हा. मान इंचभर वळली की माणिक विझते आणि काळा गळा उरतो. काळ्या हनुवटीच्या नराचा गळा तर बहुतेक वेळ निव्वळ काळाच दिसतो. योग्य उन्हात खालच्या कडेला जांभळी पट्टी पेटते आणि लगेच मावळते. आता, छायाचित्रकार नेमका तो पेटलेला क्षण पकडण्यासाठी तासन्‌तास बसतो. हरकत नाही, ती त्याची कला. परंतु पायरीवर बसलेल्या मुलाला उरलेले सारे क्षण दिसतात आणि ते पुस्तकात नसतात.

या छायाचित्रांचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ड्यूपाँ या प्रसिद्ध रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी विजेच्या अतिशीघ्र झोताचा उपयोग करून या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली आणि १९६० साली त्यांचा ग्रंथ निघाला. डोळ्याला केवळ धुरकट दिसणारे पंख त्या झोतात पिसापिसाने स्थिर उभे राहिले. तेव्हापासून अनेक झोतदिवे लावून, पाठीमागे रंगीत फलक ठेवून हमिंगबर्डचे छायाचित्र काढण्याची प्रथाच पडली. सौंदर्य म्हणून ते अपूर्व आहे. पण त्या प्रकाशात कोणीही कधी पक्षी पाहत नाही. पूर्वी स्थळे पाहताना स्टुडिओत काढून आणलेल्या फोटोवर विसंबलेल्यांची जी गत होई, तीच येथे होण्याचा संभव. म्हणून उघड्यावर, नैसर्गिक उजेडात, सावलीत, पाठमोरे, शेपटी पसरलेले, अशी निरनिराळ्या अवस्थांतील छायाचित्रे ज्यात आहेत ते पुस्तक पसंत करावे. त्यातही परस्परांशी घोटाळा होणाऱ्या जाती एकाच पानावर, शक्य तो एकाच ढबीत मांडल्या असतील, तर संपादकाने वाचकाचा विचार केला आहे असे खुशाल समजावे.

रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली आपले पक्षिमार्गदर्शक काढले, तेव्हा ओळखीच्या खुणांकडे बाण दाखवणारी चित्रे काढण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. छायाचित्र एका निसटत्या क्षणाची नोंद असते आणि चित्रात चित्रकाराने पाहिलेल्या अनेक क्षणांचे सार येते, असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्हाला पटते. आपल्याकडे डॉ. सालिम अली यांच्या १९४१ सालच्या पुस्तकावर ज्यांची नजर तयार झाली, त्यांनाही ते पटेल. पण म्हणून छायाचित्रांचे पुस्तक टाकाऊ ठरत नाही. चित्रकाराचा हातही फसवू शकतो. गुंजनपक्ष्यांवर ज्यांचा प्रचंड चित्रग्रंथ १८४९ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला ते लंडनचे जॉन गूल्ड पाहा. पिसांची झळाळी साधण्यासाठी त्या चित्रांत सोन्याचा वर्ख वापरला होता. १८५१ साली त्यांनी पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचे प्रदर्शन लंडनमध्ये मांडले आणि लोकांनी गर्दी केली. परंतु जिवंत गुंजनपक्षी त्यांना पहिल्यांदा दिसला तो १८५७ साली, फिलाडेल्फियात! ग्रंथाचा बराच भाग तोवर छापून झालेला होता. थोर माणसाची ही उणीव काढण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आधी पुस्तक आणि मग पाखरू, असा उलटा प्रवास करणारे आम्ही एकटेच नाही, एवढाच दिलासा आम्ही त्यातून घेतला.

चौथी कसोटी मजकुराची. छायाचित्रांच्या पुस्तकात मजकूर कोण वाचतो, असे म्हणू नये. कारण छायाचित्र हलत नाही आणि बोलत नाही. शेपटीची ती हालचाल कोणत्या छायाचित्रात आली असती? डोंगरातल्या ब्रॉड-टेल्ड, म्हणजे रुंद शेपटीच्या, नराच्या पंखांतून उडताना चांदीच्या घुंगरासारखा बारीक झंकार निघतो. तो पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. ॲना जातीचा नर फांदीवर बसून कुरकुरीत आवाजात चक्क गातो. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो, पिसे केव्हा झडतात, पिलाचा गळा केव्हा ठिपक्याठिपक्यांनी रंगू लागतो, हे शब्दांनीच सांगावे लागते. रूफस नावाचा तांबूस गुंजनपक्षी अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत हजारो मैलांचा प्रवास करतो आणि परतीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये ॲरिझोनाच्या डोंगरांत उतरतो. हे ज्याने वाचले आहे, त्याचे डोळे त्या दिवसांत तांबड्या रंगाला आपोआप सावध असतात.

पाचवी कसोटी आम्हाला त्या वृद्ध बाईंनी शिकवली आणि ती आम्ही सर्वांत वर ठेवतो. “पुस्तक कुठे हात टेकतं ते पाहा,” असे त्या म्हणाल्या. रूफस आणि ॲलन या दोन जातींच्या माद्या आणि पिले अंगणात पाहून वेगळी सांगता येत नाहीत, असे म्हटले तरी चालेल. शेपटीच्या कडेच्या पिसाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी लागते आणि ती पक्षी हातात धरणाऱ्या तज्ज्ञाचे काम. तेव्हा प्रामाणिक पुस्तक तेथे स्पष्ट सांगते की, ‘या दोहोंपैकी एक’ असे लिहा आणि पुढे चला. जे पुस्तक प्रत्येक पाखराला हमखास नाव देण्याचे आश्वासन देते, ते वैद्यकातल्या रामबाण औषधासारखे समजावे.

या कसोट्यांना उतरणारी दोन पुस्तके आम्हाला ग्रंथालयात मिळाली. एक शेरी विल्यमसन यांचे, पीटरसन यांच्याच नावाच्या मालिकेतील, २००१ सालचे. या बाई ॲरिझोनाच्याच बिस्बी या गावी पक्षिनिरीक्षण केंद्राच्या संस्थापकांपैकी. अर्थात अंगणातल्या माणसाच्या अडचणी त्यांना ठाऊक. दुसरे स्टीव्ह हॉवेल यांचे, २००२ सालचे. नावातच ‘छायाचित्र-मार्गदर्शक’ असे म्हणणारे. दोन्ही उत्तर अमेरिकेतील हमिंगबर्डपुरती मर्यादित, दोन्हींत माद्यांना आणि पिलांना त्यांचा न्याय्य वाटा दिलेला. हॉवेल यांचा भर पिसांची रचना, त्यांचे झडणे आणि सारख्या दिसणाऱ्या जातींची तुलना यांवर अधिक, म्हणून थोडा सराव झालेल्यास ते जास्त उपयोगी. विल्यमसन यांचे नवख्याच्या हाती आधी द्यावे. पॅटागोनियाच्या बाईंच्या मांडीवरचे चिकटपट्टीचे पुस्तक हेच होते.

येथे एक सूचना. पक्षी तोच राहतो, पण त्याचे नाव बदलते. डोंगरातला एक मोठा, काळसर दिसणारा गुंजनपक्षी पूर्वी ‘रिव्होली’ म्हणून ओळखला जाई. मग त्याला ‘मॅग्निफिसंट’ म्हणू लागले. २०१७ साली त्याच्यापासून दक्षिणेकडची एक जात निराळी काढली आणि इकडच्याला पुन्हा ‘रिव्होली’ हे नाव मिळाले. वरच्या दोन्ही पुस्तकांत अर्थातच मधले नाव आहे. पुढे २०२३ साली अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने असेही जाहीर केले की, माणसांच्या नावांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्यात येतील. म्हणजे ॲना, ॲलन, कोस्टा आणि पुन्हा एकवार रिव्होली या साऱ्यांचेच बारसे व्हायचे! म्हणून पुस्तकाचे साल पाहावे. मात्र नावे जुनी झाली एवढ्याचसाठी चांगले पुस्तक टाकू नये. बडोदे स्टेशनावरची पाटी बदलली, म्हणून आमच्या आळीतले रस्ते हरवले नाहीत. चोच, शेपटी, पंखांचे टोक यांचे वर्णन वीस वर्षांत शिळे होत नाही. नवी नावे समासात पेन्सिलीने लिहिता येतात.

आणि आता तर फोनलाच छायाचित्र दाखवले की तो नाव सांगतो, मग पुस्तक हवेच कशाला, असे आमच्या जावईबापूंनी विचारले. फोनचा आम्ही तिरस्कार करीत नाही. याच फोनवर नातवाचे तोंड दिसते. परंतु फोन झटकन उत्तर देतो. बरे पुस्तक आधी प्रश्न विचारते. गळा पाहिलास, शेपटी पाहिलीस का? डोळ्यामागे काय होते? महिना कोणता? या प्रश्नांची सवय लागली म्हणजे पुढे फोनचे उत्तरही तपासून घेता येते.

परत येण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही नातवाला दुसरे पुस्तक घेऊन दिले. वापरलेले, स्वस्त, मुखपृष्ठ जरासे दुमडलेले. देखणे पुस्तक आम्ही परत मागितले नाही. ते त्याच्या खोलीत उभे आहे आणि त्यातला माणिककंठी अजूनही आम्हाला आवडतो. फक्त त्याला एक अट घातली : वहीत प्रथम जे पाहिले ते शाईने लिहायचे, नाव नंतर, पेन्सिलीने. पाहिलेले खोडायचे नाही, नाव हवे तितक्या वेळा खोडावे. आणि आम्ही आपल्यालाही एक अट घातली. संध्याकाळी “कोण आलं होतं?” असे विचारायचे नाही, “काय पाहिलंस?” असे विचारायचे. बोलायला सोपे वाटते, पण जन्मभर आम्ही मुलांना पहिलाच प्रश्न विचारीत आलो आहोत, आणि केवळ पाखरांच्या बाबतीत नव्हे.

बडोद्यास परतलो तो शरद ऋतू होता. मागच्या जास्वंदीवर नेहमीचा शिंजीर आला. शेजारच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, “पाहा, तुमचा हमिंगबर्ड इथंच आहे.” त्यांना सविस्तर उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आणि तोंड उघडले; पण थांबलो. पाठ मळकी, पोट पिवळसर, गळ्याखाली मधोमध एक काळी रेघ. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपली झळाळी उतरवून ठेवतो आणि मादीसारखा साधा दिसतो, गळ्यावर तेवढी काळी रेघ राहते, हे आम्ही पुष्कळ वेळा वाचले होते. साठ-पासष्ट वर्षे या झाडाजवळ वावरूनही ती रेघ आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

रात्री फोनवर नातवाने विचारले, “आजोबा, आज काय पाहिलंत?”

आम्ही रेघेचे सांगितले. पलीकडून लगेच ताकीद आली, “शाईनं लिहा हं.”